धोंड्याच्या महिन्यात फुटलेला दस्ता

माझ्या सासऱ्यांची बंदूक मी फोडली. चोरांशी झुंजताना नाही, रानडुकराच्या अंगावर धावून जाताना नाही. कपाटाच्या आरशासमोर स्वतःचा फोटो काढताना. आधीच सांगून टाकतो, कारण एवढं एक वाक्य सासऱ्यांसमोर उच्चारायला मला पुरे दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी जेवढा घाबरलो आणि जेवढा हसलो, तेवढा त्याआधी कधी नाही आणि नंतरही नाही.

सासुरवाडी चिखली तालुक्यात, उंद्रीच्या अलीकडच्या एका खेड्यात. मी नाशिककडचा, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. लग्नाला दीड वर्ष झालं आणि अधिक महिना लागला. अधिकात जावयाला आमच्याकडेही बोलावतात, पण तेहतीस अनारसे ताटात वाढले, हातात दिवा दिला की जावई मोकळा. इथलं प्रकरण वेगळं निघालं. इथे धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाने पाच दिवस मुक्काम ठोकायचा असतो. पहिल्या दिवशी मामींनी माझे पाय परातीत धुतले. (सासूबाईंना मी मामी म्हणतो, सासऱ्यांना मामा.) मग पुरण भरलेले धोंडे, त्यांवर तूप, तुपावर आग्रह, आणि आग्रहावर पुन्हा तूप.

देव होण्यात एक मोठी सोय आहे, आपल्या हातून काही चुकतच नाही. मी चहा सांडला तर मामी म्हणाल्या, "कपच वाकडा हाये तो." शेतात मी उडदाला मूग म्हणालो तर मामा गंभीरपणे म्हणाले, "हाव, मुगासारखाच दिसते तो." बायको आमच्या घरी मला अरे-तुरे करते; इथे ती 'अहो' म्हणत होती आणि म्हटलं की तोंड फिरवून हसत होती. मला या कौतुकाची चटक लागली होती, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवसापर्यंत मी स्वतःलाही थोडाफार नारायण समजू लागलो होतो.

मामांकडे एक भरमार बंदूक आहे. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, जुन्या पद्धतीची. पिकाच्या राखणीचा परवाना त्यांच्या वडिलांपासून घरात आहे. डुकरांना मारायचं नाही, फक्त त्यांच्या डोक्यावरून बार काढून हाकलायचं. पण मामा हवेतल्या बारालाही दस्ता खांद्याला टेकवतात, गाल त्या लाकडावर ठेवतात आणि डोळा मिटून नेम धरतात. कशावर, ते मला आजही कळलेलं नाही. काम झालं की रिकामी बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून मधल्या खोलीत दाराआड उभी राहते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा दोन दिवसांसाठी मेहकरला नातेवाइकांकडे गेले. निघताना म्हणाले, "परवा येतो मी. आलो का मक्यात एक बार काढतो. डुकरं लय माजले." मका कमरेएवढा झाला होता आणि धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, चार ओळी डुकरांनी नांगरल्यासारख्या उकरून ठेवल्या होत्या.

दुपारी मी पाच धोंडे खाल्ले. अंगात आहेराचं नवंकोरं धोतर होतं, ते बायकोने चार सेफ्टी पिना लावून नेसवलं होतं. खांद्यावर उपरणं, पोटात पुरण, समोर आरशाचं कपाट. एवढ्या सामग्रीत फक्त बंदुकीची उणीव आहे, असं मला वाटलं. मी दाराआडची बंदूक काढली, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावला, आणि नसलेल्या मिशीला ताव देत उभा राहिलो. फोटो निघायला दोन सेकंद उरले असताना धोतराचा सोगा पायात आला. मी आडवा झालो. बंदूक माझ्याआधी पोचली, दगडी उंबरठ्यावर.

आवाज 'कडक्' असा बारीकच झाला. दस्त्याची मान, म्हणजे जिथे लाकूड निमुळतं होऊन नळीकडे जातं, तिथे तिरकी चीर गेली होती. दस्ता जरा हलवला की ती चीर तोंडासारखी उघडायची. बदामाएवढी एक ढलपी उडून कपाटाखाली गेली होती.

बायको धावत आली, मला पाहिलं, बंदूक पाहिली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती रडतेय असं मला वाटलं. ती हसत होती. तिला श्वास घेता येईना. तेवढ्यात मामी आल्या.

"लागलं तं नाही ना जवाईबापू?"

"मला नाही, पण मामी, बंदूक..."

मामींनी बंदुकीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मांजर लय माजली हाये."

"मामी, मी पाडली."

"तुमी कायले पाडसान? मांजरीनं पाडली."

"पण मांजर घरात नाहीये."

"येईन ना संध्याकाळी."

विषय संपला. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या हातून वस्तू मोडली असं म्हणणं म्हणजे देवाला बोल लावणं, आणि मामी ते होऊ देणार नव्हत्या. बायकोने कपाटाखाली हात घालून ढलपी काढली. आम्ही तिघं त्या बंदुकीभोवती बसलो आणि कोणता डिंक, या प्रश्नाला हात घातला.

मामींनी लाडवांसाठी ठेवलेला बाभळीचा डिंक काढला. बाळंतिणीची कंबर ज्याने घट्ट होते त्याने दस्ता का होणार नाही, असा त्यांचा सवाल होता. आम्ही तो डिंक पाण्यात विरघळवला, चिरेत भरला आणि परकराच्या नाडीने दस्ता करकचून बांधला. एक पूर्ण पावसाळी रात्र तो तसाच ठेवला. सकाळी नाडी सोडताच चीर पुन्हा उघडली आणि डिंक मधाच्या थेंबासारखा माझ्या पायावर पडला. मांजर तोपर्यंत घरी आली होती; ती तो चाटू लागली.

मग मी चिखलीला जायला निघालो. बंदूक न्यायची सोय नव्हती. परवाना मामांच्या नावावर, आणि ती काखोटीला मारून मी जीपमध्ये बसलो असतो तर परतीचा प्रवास पोलिसांच्या गाडीतून झाला असता. म्हणून मी ढलपी रुमालात बांधली आणि चिरेचे फोटो मोबाइलमध्ये घेतले. चिखलीत बाजाराच्या मागे एका म्हाताऱ्या सुताराचं दुकान आहे. मी त्यांना काही न सांगता रुमाल सोडला. त्यांनी ढलपी उचलून आधी नाकाला लावली.

"जवसाचं तेल हाये," ते म्हणाले. "दसऱ्याचं. लय वर्सं पाजेल दिसते."

खरंच होतं. दर दसऱ्याला मामा शस्त्रपूजेत बंदुकीला जवसाचं तेल चोळतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. इतकी वर्षं ते लाकूड तेल पीत आलं होतं. पाण्यातला डिंक त्याच्यावर टिकणार तरी कसा! मी वर्षानुवर्षं फळ्यावर तेल आणि पाणी मिसळत नाही हे शिकवत आलो, आणि आदल्या संध्याकाळी त्याच तेलकट चिरेत गंभीर चेहऱ्याने लाडवांचा डिंक भरत बसलो होतो.

"फोटो दाखवा," सुतार म्हणाले. मी घाईत बोट फिरवलं आणि त्यांच्यासमोर भलताच फोटो आला. टायमरने आपलं काम चोख केलं होतं. मी हवेत आडवा, धोतर अर्धं माझ्या अंगावर आणि अर्धं जगाला दाखवलेलं, तोंड उघडं, बंदूक वेगळ्याच दिशेला निघालेली. सुतारांनी चष्मा पुसून तो फोटो पुन्हा पाहिला. मग त्यांनी रंधा खाली ठेवला आणि एवढे हसले की समोरच्या किराणा दुकानातून माणूस उठून आला. मीही हसत सुटलो. दुसरं काय करणार होतो?

हसून झाल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "बंदूक दाखवाची हाये का वाजवाची?"

"म्हणजे?"

"दाखवाची असंन तं थो झटकन चिकटनारा घ्या, छोट्या ट्यूबमधला. दोन मिन्टात बसते, फट दिसत नाही. पन कडक होते काचेसारखा. बार निंगाला का तडकला. अन् मंग थो दस्ता कोनाच्या गालावर बसन, ते तुमी पाहा." त्यांनी ढलपी उलटी केली. "कपाटं जोडाले वापरतो थो पांढरा डिंक या तेलावर धरनारच नाही. वाजवाची असंन तं दोन नळ्यांचा घ्या. पयले आतलं तेल काढा, मंग सारखं सारखं मिसळून भरा, अन् एक अख्खा दिवस हात लावू नोका. फट दिसन. दिसू द्या. लोखंडाचं मले विचारू नोका, मी लाकडाचा मानूस हाये."

हार्डवेअरच्या दुकानातून मी दोन्ही घेतले. दोन नळ्यांचा, म्हणजे इपॉक्सी, आणि झटपट. दुसरा कशासाठी घेतला, हे मला जीपमध्ये बसेपर्यंत स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. मला तो झटपटच वापरायचा होता. फट दिसणार नाही, मांजरीचीसुद्धा गरज लागणार नाही, मामा येतील, बंदूक धोतरात गुंडाळलेली दिसेल, मी तूप-धोंडे खात नारायण म्हणून निरोप घेईन. नाशिकला पोचल्यावर पुढचं पुढे.

घरी मामी आणि बायको, दोघींचंही मत झटपटला पडलं. मामी म्हणाल्या, "जवायाचं नाव नाही जाऊ द्याचं, बस." बायको म्हणाली, "बाबाले मंग मी सांगतो फोनवर, हळूहळू." मला दोघींच्या मायेने भरून आलं आणि मी छोट्या ट्यूबचं टोपण दातांनी उघडलं. ट्यूब पचकन फुटली. माझा अंगठा आणि पहिलं बोट क्षणात एकमेकांना चिकटले, जणू मी कायमची चिमूट धरून बसलो आहे. बायकोने हात ओढला, मामींनी खोबरेल ओतलं, मांजर बघायला आली. हसून हसून मामींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि बोटं सुटायची वाट बघत तसाच चिमूट धरून बसलो असताना मला दस्त्यावरची ती जागा दिसली. चिरेपासून चार बोटांवर लाकूड एका ठिकाणी गुळगुळीत आणि काळपट झालं होतं, तळहाताएवढं. मामांच्या गालाने ते घासलं गेलं होतं, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या. उद्या संध्याकाळी मामा बरोबर तिथेच गाल ठेवणार होते, डोळा मिटून. माझं हसू थांबलं. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"दोन नळ्यांचाच लावायचा," मी म्हणालो. "आणि मामांना मी सांगणार."

बायको उठली आणि नेलपेंट काढायची आपली अख्खी बाटली घेऊन आली. त्याने आधी माझी बोटं सुटली, मग मी चिरेतलं तेल पुसत गेलो, कापसाचे बोळे काळे होत गेले, आणि शेवटचा एक बोळा पांढरा निघाला तेव्हा मी बोर्डाच्या परीक्षेत कुणी पहिला आल्यासारखा ओरडलो. दोन्ही नळ्यांमधलं मिश्रण मी पुठ्ठ्यावर कालवलं. ते पांढरट दिसत होतं. लाकूड तपकिरी, फट पांढरी, डोळ्यांत भरणार. तेव्हा मामी म्हणाल्या, "चिमूटभर हयद टाका. लाकडासारखा रंग येईन." हळद हा त्या घरातला सगळ्याच दुखण्यांवरचा उपाय आहे. मलाही पटलं. मी चांगली चिमूटभर टाकली.

मिश्रण बघता बघता लाल झालं. तपकिरी नाही, केशरी नाही, कुंकवासारखं लालभडक. हळद आम्लारीत लाल होते हे मी दरवर्षी पोरांना करून दाखवतो, हा माझा आवडता प्रयोग आहे, आणि दुसऱ्या नळीत आम्लारीच असते. पण कालवलेलं मिश्रण थांबत नाही. नवं आणायला चिखली लांब होती. मी ते लालच चिरेत भरलं, ढलपी बसवली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या आणि बंदूक मधल्या खोलीत आडवी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्ट्या सोडल्या. चीर घट्ट बसली होती. आणि बंदुकीच्या मानेवरून तिरका, ठसठशीत, लाल मळवट भरला होता.

मामा चारला आले. हातपाय धुतले, चहा घेतला, बंदूक काढली, तिच्यावर गुंडाळलेलं धोतर सोडलं. मामी पदराने तोंड पुसत उभ्या राहिल्या. "मांजरीनं पाडली," त्या म्हणाल्या.

मामांनी त्या लाल रेघेवरून अंगठा फिरवला. "मंग हयद-कुंकूबी मांजरीनंच लावलं का?"

"मामा, मी पाडली," मी म्हणालो. "आरशासमोर फोटो काढत होतो. दस्ता मोडला. मीच चिकटवला."

आता सुटका होईल असं मला वाटलं होतं. मामा सौम्य हसले. "जाऊ द्या ना जवाईबापू. जुनी वस्तू हाये, मोडाचीच होती. तुमी कायले मनावर घेता?" आणि बंदूक उचलून शेताकडे निघाले. मी मोठ्या कष्टाने कबुली दिली होती आणि त्यांनी ती, मी उडदाला मूग म्हणालो होतो तशीच, गिळून टाकली! मी धोतर सावरत त्यांच्या मागे धावलो, माझ्या मागे बायको, तिच्या मागे मामी.

मक्याच्या धुऱ्यावर त्यांनी दारू ठासली, चापाच्या घोड्याखाली ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवली आणि दस्ता खांद्याला लावला. मी आडवा गेलो, म्हणजे त्यांच्या दंडाला लोंबकळलोच. "मामा, गाल लावू नका! आधी बांधून वाजवू. मी चिकटवलंय, मला खात्री नाही!" जावयाचा शब्द मोडता येत नव्हता, हे एकदाचं माझ्या कामी आलं. आम्ही बंदूक धुऱ्यावर उभ्या असलेल्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, साटीला कासऱ्याने जखडली, नळी आभाळाकडे केली, चापाला सुतळी बांधली आणि सगळे बांधाआड बसलो. मामांनी सुतळी ओढली.

बार असा झाला की बगळे उडाले आणि बंडी हातभर मागे सरकली. मी सगळ्यात आधी धावलो. लाल रेघ जशीच्या तशी होती. केसाएवढीही फट नव्हती. मी नाचलो. खरोखर नाचलो, चिखलात, धोतर गुडघ्यावर घेऊन. बायको टाळ्या वाजवत होती.

मामा मागून आले. त्यांनी दस्ता दाबून पाहिला, वाकवून पाहिला. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला.

"अबे, अक्कल हाये का तुले?"

मी थांबलो.

"दस्त्याचं काय घेऊन बसला? दस्ता लाकूड हाये, एक मोडला तं दुसरा येते. बंदूक हातात घेतली तवा नळीत गज टाकून पाह्यलं का तू पयले? भरेल हाये का रिकामी हाये, पाह्यलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही! कालेजात शिकवते म्हने! मी कधी भरेल ठेवत नाही, पन तुले काय मालूम? भरेल असती तं? पडली तवा माही पोरगी कुठी होती? दाराच्या मांगंच होती ना?"

"अहो, जवाई हायेत ते," मामी रडकुंडीला आल्या होत्या. "धोंड्याचा महिना हाये!"

"महिना गेला चुलीत. हात लावाच्या आंधी नळीत गज टाकून पाहाचं, समजलं का?"

मला समजलं. दोन दिवस मी फट दिसेल का, कोण काय म्हणेल, याचा विचार करत होतो, आणि जे घडू शकलं असतं ते माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मी मान खाली घालून "समजलं मामा, चुकलो," म्हणालो. आणि खरं सांगायचं तर, शरमेने कान तापलेले असतानाच मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. पाच दिवसांत त्या घरात कुणीतरी मला खरं काहीतरी बोललं होतं.

मामांनी कासरा सोडला. पुन्हा दारू ठासली, पुन्हा टोपी बसवली. मक्याच्या पलीकडच्या टोकाला पानं हलत होती, डुकरं आली होती.

"मामा, अजून एकदा बांधून बघू या का?"

"गप रे," ते म्हणाले.

त्यांनी दस्ता खांद्याला लावला. मान वाकवली आणि गाल त्या काळपट जागेवर ठेवला, माझ्या लाल रेघेपासून चार बोटांवर. डोळा मिटला. मीही दोन्ही डोळे मिटले. बार झाला, डुकरं किंचाळत नाल्याकडे पळाली, आणि मी डोळे उघडायची हिंमत करत होतो तेव्हा मामांचा आवाज आला, "पाहा इकडं."

त्यांनी तळहाताने गाल चोळला आणि तो हात माझ्यासमोर धरला. हात कोरडा होता, रक्ताचा टिपूसही नव्हता.